मनाली–लेह सायकलने, सप्टेंबरमध्ये: सहा दिवसांचा बेत जमेल का?

फुटाळा_२८टी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मनाली ते लेह सायकलने करायचं ठरतंय. सोबत गाडी नाही, सामान सायकलवरच. माहिती अशी:

सायकल हायब्रिड, पुढे ४८/३८/२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ७ स्पीड फ्रीव्हील (सात चकत्यांचा संच) १४–२८, केबलवाले डिस्क ब्रेक, टायर ७००×३८. माझं वजन ७८ किलो, सायकल १५, सामान अंदाजे १५.

बेत: नागपूर–दिल्ली रेल्वे, दिल्ली–मनाली बस, दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरुवात. १) मनाली–रोहतांग–खोकसर २) जिस्पा ३) सरचू ४) पांग ५) रुमत्से ६) लेह. सपाटीवर सामानासह दिवसाला १२० किमी सहज होतात, म्हणून ७०–८० चा हिशेब धरलाय.

विचारायचं असं की दिवसांची आखणी बरोबर आहे का, गिअर बदलावे लागतील का, उंचीवर हवा विरळ झाली की टायर फुटतात हे खरं का, डायमॉक्स (उंचीच्या त्रासाची गोळी) घ्यायची की नाही आणि नागपूरहून सायकल न्यायची कशी.

---

स्पोकचावी

काहून एवढी घाई भाऊ? सहा दिवसांत पाय पोचतीलही, फुप्फुसं पोचणार नाहीत. दिवसांचं दुसरे कोणी सांगतील, मी सायकलीपुरतं बोलतो.

आधी गिअर. २८ पुढे, २८ मागे म्हणजे गुणोत्तर १. ७००×३८ चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल २.२ मीटर पुढे जाते. ६ टक्के चढावर, सगळं मिळून १०८ किलो वजन घेऊन, ताशी ५ किमीनं चालायलाही १०० वॉटच्या वर ताकद लागते. त्या वेगाला तुमच्या गिअरवर मिनिटाला जेमतेम ३८ फेऱ्या होतात. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक फेरी म्हणजे जिना चढल्यासारखी, गुडघा तिथंच जातो. २२×३४ असेल तर एका फेरीत १.४२ मीटर, त्याच वेगाला ५९ फेऱ्या. ताकद तेवढीच लागते, पण ती दम धरून लावता येते.

स्वस्तातला मार्ग: मागे १४–३४ चं मेगारेंज फ्रीव्हील. त्याचे दाते १४-१६-१८-२०-२२-२४ आणि मग एकदम ३४. ती शेवटची उडी अंगावर येते, चढात २४ वरून ३४ वर टाकताना आधी पायाचा जोर काढा, नाहीतर चेन अडकते. सोबत पुढचा क्रँक ४२/३२/२२ किंवा ४२/३४/२४ चा. तुमच्या क्रँकवर चकत्या बहुतेक रिव्हेटनं जोडलेल्या असतील, म्हणजे सुटी चकती बदलता येणार नाही, अख्खा क्रँक घ्यावा लागेल. बॉटम ब्रॅकेटची (क्रँकच्या मधल्या दांड्याची) लांबी नव्या क्रँकला जुळते का ते बघून घ्या. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ४८ च्या गोलाईचा असतो, तो ४२ साठी खाली सरकवावा लागतो: मोठ्या चकतीच्या दात्यांपासून पिंजऱ्यापर्यंत २ मिमी अंतर राहील इतका.

मागच्या डिरेलरची क्षमता मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. (पुढचा मोठा वजा लहान) अधिक (मागचा मोठा वजा लहान). ४२/२२ आणि १४–३४ ला ४० येतात. तुमच्या डिरेलरची क्षमता आणि तो झेपवतो तो सर्वांत मोठा दाता, दोन्ही आकडे यात बसले पाहिजेत. चेनही नवी लागेल. मापताना पुढे मोठी, मागे मोठी अशी टाकून बघा, चेन ताणून डिरेलर उखडायला आला तर ती आखूड आहे.

आता खरी कमजोर जागा: फ्रीव्हीलचा हब (चाकाचा मधला भाग). यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं आणि ॲक्सलचं टोक फ्रीव्हीलखाली आधाराशिवाय लोंबतं. मागे १५ किलो सामान आणि खड्डे म्हटल्यावर ॲक्सल वाकतो, कधी तुटतोच. चाक फ्रेममधून काढून ॲक्सल बोटांनी फिरवून पाहा. टोक डोलताना दिसलं तर तो आधीच वाकलाय. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ३६ तारांचं (स्पोकचं), कॅसेट हबचं मागचं चाक बांधून घ्या, त्यात बेअरिंग ॲक्सलच्या टोकाजवळ असतं. आठ स्पीडच्या हबवर सात स्पीडचं कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर घालून बसतं, म्हणजे शिफ्टर तोच राहतो. फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर १३५ मिमी आहे का ते आधी मोजा. हे केलंत तर मेगारेंजची गरज उरत नाही, ११–३४ घ्या. मात्र तेव्हा ४२/२२ ला क्षमता ४३ लागते.

टायरचं: फुटत नाहीत. मनालीत (२०५० मीटर) २० अंशांना ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलंत असं धरा. टांगलांग ला या खिंडीवर (५३२८ मीटर) बाहेरचा दाब मनालीपेक्षा साधारण ४ पीएसआयनं कमी, म्हणून गेज तेवढं वाढून दिसायला हवं. पण तिथं पारा शून्याजवळ आणि थंडीनं आतली हवा आकसते, तिचे ४ वजा. गेज पुन्हा ४५ च्या आसपासच. टायर फुटतात ते उतारावर, सारखा ब्रेक दाबून रिम तापल्यामुळे, आणि तेही रिम ब्रेकच्या सायकलींवर. डिस्कला ती भीती नाही.

---

ऑक्सिमीटर

दिवसांचं बोलू या. या रस्त्यावर किलोमीटरचा हिशेब दुय्यम, रात्री किती मीटरवर झोपता तो पहिला. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. नागपूर ३१० मीटरवर. तुमच्या बेतात तिसऱ्या रात्री तुम्ही सरचूला, ४२९० वर. जिस्पा ३२०० च्या आसपास, म्हणजे एका रात्रीत हजाराच्या वर उडी, आणि मध्ये बारालाचा ला (सुमारे ४८९०) ओलांडून.

त्यात सरचूची जागा फसवी. तिथं त्रास सुरू झाला तर खाली पळायला रस्ताच नाही. मागे फिरायचं तर बारालाचा चढा, पुढे जायचं तर नकी ला आणि लाचुंग ला (५००० च्या वर). पांगचंही तेच. म्हणून माझ्या मते या प्रवासातला खरा निर्णय बारालाचाच्या अलीकडे, झिंगझिंगबारला घ्यायचा असतो. तिथपर्यंत परतीचा रस्ता सगळा उतार आहे, गाडी मिळाली की दोन-तीन तासांत केलाँग. झिंगझिंगबारच्या रात्रीनंतर सकाळी डोकं दुखत असेल तर पुढे एक पेडलही मारू नका.

आखणी अशी करा:

मनालीत दोन रात्री. मग मढी (३५ किमी, ३३०० मीटरच्या आसपास). मग रोहतांग (३९७८) ओलांडून सिस्सू. रोहतांग टाळू नका. दिवसा चार हजारांपर्यंत जाऊन रात्री ३१०० ला झोपणं, हा शरीराला मिळणारा सर्वांत चांगला सराव आहे. मग तांडी, केलाँगवरून जिस्पा. जिस्पात एक दिवस मुक्काम, सायकल न उचलता. मग पत्सेओ (३८०० च्या आत, फार तर २५ किमी, कंटाळवाणा वाटेल इतका छोटा दिवस, पण हाच उपयोगी पडतो). मग झिंगझिंगबार, ४२७०. मग बारालाचा ओलांडून सरचू. झोपायची उंची तीच राहते हे लक्षात घ्या. मग पांग, मग डेब्रिंग, मग टांगलांग ला ओलांडून रुमत्से, मग लेह. मनालीत पोचल्यापासून लेहपर्यंत १३ दिवस, वर एक दिवस राखीव.

सरचू–पांग हा ७८ किमीचा टप्पा एका दिवसात अंगावर येतो. सुरुवातीचे २०–२५ किमी नदीकाठानं सोपे, मग गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला, खाली उतरून व्हिस्की नाला, परत लाचुंग ला. दुपारी दोनपर्यंत नकी ला झाला नसेल तर व्हिस्की नाल्याच्या तंबूत थांबा. फक्त ती जागा ४७०० च्या आसपास आहे, सरचूची रात्र चांगली गेली असेल तरच. गाटा लूप्समध्ये पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल, तिथं एक छोटं देऊळ आहे आणि येणारेजाणारे बाटल्या वाहतात. आपलं पाणी आपण न्या, त्यातली उचलू नका.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाहीच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो, हे अपेक्षित परिणाम आहेत. नागपुरातच दोन दिवस घेऊन बघा म्हणजे तिकडे मुंग्या आल्यावर घाबरगुंडी उडणार नाही. मात्र गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

ओळखायचं कसं: डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, भूक मरणं, गळून जाणं. असं असेल तर त्या उंचीवरच थांबा, २४ तासांत त्रास कमी झाला नाही तर खाली. बसल्या जागी धाप, सतत खोकला, ओठ निळे: फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत टाच-बोट-टाच चालता न येणं, बोलण्यात गोंधळ: मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही, अंधार असला तरी मिळेल त्या गाडीनं खाली. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र न्यायचं तर न्या, पण गार बोटावर ते वाटेल ते दाखवतं, आणि ४३०० वर धडधाकट माणसाचा आकडाही ऐंशीच्या घरात असतो. आकड्यापेक्षा टाच-बोट चाचणीवर विश्वास ठेवा.

---

बर्डी_पार्सल

सायकल नेण्याचं मी सांगतो, यात लोक उगाच हाल करून घेतात.

पार्सल ऑफिसात दोन प्रकारे बुकिंग होतं. स्वतःच्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून केलं तर सायकल तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढते. नुसतं ‘पार्सल’ म्हणून टाकलं तर जागा असेल त्या गाडीनं जाते, आणि मग तुम्ही दिल्लीत, सायकल नागपुरात. काउंटरवर शब्द उच्चारून सांगा: लगेज, याच गाडीत. दिल्लीकडच्या बऱ्याच गाड्या नागपूरला मधल्याच येतात, थांबा थोडा मिळतो. म्हणून दोन-तीन तास आधी जा आणि ब्रेकव्हॅन इंजिनाकडून आहे की मागून ते हमालाला विचारून त्या टोकाला उभे राहा. काही गाड्या नवी दिल्लीला जात नाहीत, निजामुद्दीनला संपतात. बस धरायची आहे, तर तिकीट काढतानाच पाहून घ्या.

बांधणी: सायकल दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका मागून आणा. पेडल काढा, डाव्याचे आटे उलटे आहेत हे विसरू नका. पुढचं चाक काढा, फोर्कच्या टोकांत प्लास्टिकचा स्पेसर (खोक्यासोबत मिळतो) घाला, नाहीतर वर काही पडलं की फोर्क दबतो. मागचा डिरेलर हँगरवरून (तो फ्रेमला जिथं अडकतो त्या तुकड्यावरून) सोडवून, फडक्यात गुंडाळून चेनस्टेच्या (चेनजवळच्या फ्रेमच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधा. वाटेत हमखास वाकते ती ही एकच जागा. ब्रेक डिस्कवर पुठ्ठ्याची थाळी लावा. खोक्यावर तिन्ही बाजूंना नाव, फोन, पीएनआर, ‘नागपूर ते दिल्ली’ जाड मार्करनं.

दिल्लीहून मनालीच्या बसला खोका डिकीत आडवा जातो. चेनची बाजू वर ठेवा आणि त्यावर दुसऱ्यांच्या बॅगा पडणार नाहीत हे बस सुटेपर्यंत उभं राहून बघा.

गॅसची नळकांडी ना रेल्वेत चालतात, ना विमानात. स्टोव्ह नेणार असाल तर गॅस मनालीत घ्या.

---

तर्री_कमी

राजेहो, खाण्यापिण्याचं कोणीच बोललं नाही.

पांगला पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळते. डाळ-तांदूळ साध्या भांड्यात शिजत नाही, तास गेला तरी दाणा कडकच. ढाबेवाल्याकडे कुकर असतो, म्हणून राजमा-भात तिथं खा आणि स्वतः शिजवायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडून सातूचं पीठ न्या, गूळ घालून थंड पाण्यातही कालवता येते. जाडे पोहे, शेंगदाणे, खजूर. संत्रा गोळ्या भरपूर, वर घसा सारखा कोरडा पडते. संत्रा बर्फी मनालीतच संपवा.

भारतपूर, सरचू, व्हिस्की नाला, पांग, डेब्रिंग इथं तंबूवाले ढाबे असतात, झोपायला गादी-रजई मिळते. पण सप्टेंबर उतरणीला लागला की ते गुंडाळायला लागतात. पहिल्या आठवड्यात मनाली सोडत असाल तर पंधरा तारखेच्या आगेमागे डेब्रिंगला पोचाल, म्हणून आणखी उशीर करू नका. केलाँगच्या पुढे रोखच चालते असं धरून पैसे न्या. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. तरी जिस्पा सोडल्यावर उपशीपर्यंत फोन नाही असंच घरी सांगून ठेवा.

पाणी ४ लिटर नेता येईल अशी सोय करा. रात्री बाटली तंबूत उलटी ठेवा, बर्फ वरून धरते, सकाळी सुलटी केली की झाकणाकडून पाणी निघते.

---

स्पोकचावी

ब्रेकचं राहिलं होतं. केबलच्या डिस्कमध्ये बाहेरचं पॅड हलतं, आतलं स्थिर असतं. पॅड झिजले की लोक नुसती केबल ताणतात, मग एकच पॅड डिस्कला वाकवून दाबत राहतं. बरोबर पद्धत: आतल्या बाजूचा ५ मिमी ॲलनचा स्क्रू थोडा आत फिरवा, डिस्क घासायला लागली की पाव फेरी मागे. मगच केबल. रोहतांगवर चिखल लागला तर तिथल्या एका उतारात पॅड अर्धे होऊ शकतात, दोन जोड्या जादा न्या. नेण्याआधी डिस्कवर कोरलेलं वाचा. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असेल तर धातूवाले पॅड घालू नका, डिस्क खाऊन टाकतात.

मागच्या कॅरिअरचे एम५ बोल्ट रोज संध्याकाळी किल्लीनं तपासा. खडबडीत रस्त्याच्या थरथराटानं ते सुटतात आणि उजव्या बाजूचा खालचा बोल्ट आत गेला तर फ्रीव्हीलला लागतो. लावताना थ्रेड-लॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब द्या. दोन जादा बोल्ट हँडलबारला टेपनं चिकटवा.

सोबत: डिरेलर हँगर (तुमच्याच मॉडेलचा, वाटेत कुठंच मिळणार नाही), चेनच्या दोन क्विक लिंक, चेन टूल, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या मापाच्या तीन-तीन तारा, फ्रीव्हील किंवा कॅसेट काढायचं साधन, तीन ट्यूब, पॅचेस, एक गिअर केबल, एक ब्रेक केबल, जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. टायरची बाजू चिरली की तो आतून लावायचा. उजव्या बाजूची तार तुटली तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, म्हणून ते साधन. त्याला मोठा पाना लागतो, तो ट्रकवाल्याकडे मागा. व्हॉल्व मोटरसायकलसारखा मोठा असेल तर त्यांचा पंपही चालतो. बारीक असेल तर पितळी ॲडॅप्टर न्या.

---

फुटाळा_२८टी

सगळ्यांचे आभार. १३ दिवसांच्या आखणीनं रजा वाढवतो. कॅसेटचं चाक बांधायला टाकतो. दोनच प्रश्न उरले: नागपुरात चढाचा सराव कुठं करायचा, आणि नाल्यांची लोक इतकी भीती का घालतात?

---

ऑक्सिमीटर

नाले: वरचा बर्फ दिवसभर वितळतो, ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर उतरतं. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी चारला गुडघ्याला लागतं, आणि खाली गोटे दिसत नाहीत. सप्टेंबरात जोर कमी असतो, तरी झिंगझिंगबार–बारालाचा हा पट्टा सकाळी नऊच्या आत ओलांडायचा असं धरून निघा. बूट काढून सँडलवर उतरा, सायकल प्रवाहाच्या वरच्या अंगाला नको, खालच्या अंगाला धरा म्हणजे ती तुमच्यावर लोटली जाणार नाही. ओले बूट घालून बारालाचा चढलात तर उतारावर पायाची बोटं बधिर होतात. सकाळी निघण्याचं दुसरं कारण वारा. पांग–डेब्रिंगमधल्या मोरे मैदानावर दुपारनंतर वारा सुटतो, समोरून आला की सपाटीवरही ताशी आठ किमीचे वांधे.

---

बर्डी_पार्सल

सराव: सेमिनरी हिल्स छोटी आहे, पण सामान लादून दहा-बारा फेऱ्या मारल्या तर गिअर आणि कॅरिअर दोन्हींची परीक्षा होते. रामटेकचा गडही तसाच, आखूड. खरा लांब चढ हवा तर परतवाड्याहून चिखलदरा, नाहीतर मटकुलीहून पचमढी. दोन्ही हजार मीटरच्या थोडं वर, म्हणजे विरळ हवेचा सराव तिथं होणार नाही, पायांचा होईल. शनिवारी चढायचं, रविवारी परत चढायचं, दोन्ही दिवस पूर्ण १५ किलो घेऊन. वर्धा रोडवर वाऱ्याच्या तोंडी तीन तास सलग बसायची सवयही लावा, बसण्याचा प्रश्न तिथंच कळतो.

आणि चाक बांधून आलं की लगेच खोक्यात भरू नका. दोनशे किमी सामानासह चालवा, मग तारा परत आवळून घ्या. नव्या तारा पहिल्या दोनशेत बसतात, सैल पडतात. ते बसणं चिखलदऱ्याच्या घाटात झालेलं बरं.